झाडांवर बांधलेले चार कॅमेरे

मला बंदूक चालवता येत नाही आणि शिकायचीही नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण शिकारीच्या हंगामाचा विषय निघाला की इथली, आयर्लंडमधल्या एनिस गावातली आमची मराठी मंडळी माझ्याकडे जरा बिचकूनच बघायला लागतात. मी फक्त सोबत जायचो. माझा मित्र नेम धरायचा, मी त्याच्या मागे ओल्या गवतात पोटावर पडून दुर्बिणीतून बघायचो. एवढंच.

मित्र म्हणजे आमच्या कारखान्यातला मेंटेनन्सचा माणूस. शॅननजवळ आमचा कारखाना आहे, हृदयाच्या रक्तवाहिन्यांत सरकवायच्या बारीक नळ्या आम्ही बनवतो. मी क्वालिटीत. तो माझ्याहून वीस वर्षांनी मोठा, त्या नाताळात निवृत्त होणार होता. आयर्लंडमध्ये मला अकरा वर्षं झाली, आणि या अकरा वर्षांत मी ज्याला मित्र म्हणू शकेन असा हा एकच माणूस. ओळखीचे पुष्कळ आहेत. हवापाण्याबद्दल बोलून पुढे जातात. हा थांबायचा. माझे वडील गेले आणि मला तिकीट मिळायला दोन दिवस लागले, तेव्हा हा माणूस ते दोन्ही दिवस संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन नुसता बसला होता. बायकोने दिलेला चहा प्यायला आणि भांडी विसळून गेला.

तरुणपणी त्याच्याकडे शिकारीला पाच-सहा शेतं होती. पुढे काहींवर सरकारी अनुदानाची झाडं लागली, काही शिकारी क्लबांनी भाड्याने घेतली, एका ठिकाणी बाप गेल्यावर मुलाने नाही म्हटलं. उरलं होतं एकच. एनिसच्या पूर्वेला डोंगराच्या उतारावर, मागे हेझेलच्या झाडांचं रान असलेलं. तिथला शेतकरी ऐंशीच्या घरातला, एकटा राहणारा. "ही जागा गेली, की माझी रायफल म्हणजे कपाटातली काठी," असं मित्र म्हणायचा. निवृत्तीनंतर काय करणार, असं कारखान्यात कुणी विचारलं, की तो नुसता त्या डोंगराच्या दिशेला मान हलवायचा. त्याला दुसरं काही करायचंच नव्हतं.

त्या जागेची परवानगी कशी मिळायची, ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं. हरणाच्या माद्या मारायचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो. त्याआधी ऑक्टोबरच्या एका रविवारी हा व्हिस्कीची बाटली घेऊन शेतकऱ्याकडे जायचा. दोघं तासभर स्वयंपाकघरात बसायचे. पाऊस, गुडघे, कोण वारलं, कुणी जमीन विकली. हरणाचा ह नाही. निघताना दारात उभं राहून, जणू आत्ताच आठवल्यासारखं, हा म्हणायचा, "एखाद्या सकाळी येईन म्हणतो." म्हातारा म्हणायचा, "ये की, चालू दे तुझं." झाली परवानगी. चाळीस वर्षं अशीच चालली होती. हंगाम संपला की हरणाची एक तंगडी कागदात गुंडाळून म्हाताऱ्याच्या दाराशी पोचती व्हायची.

मला हे झेपेना. आमच्या धंद्यात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतात, की जे कागदावर नाही ते घडलंच नाही. मी मित्राला म्हटलं, दोन ओळी लिहून घे ना. तो म्हणाला, "लिहून मागितलं तर तो देईल. आणि पुढच्या वर्षी देणार नाही."

पहिल्या वर्षी मी मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमासाठी घेतलेले गमबूट आणि बायकोचा जुना रेनकोट घालून गेलो होतो. उजाडायच्या आधी निघालो. मित्राने वाटेत वाळकं गवत चुरून हवेत सोडलं, वारा कुठून आहे ते बघितलं, आणि मला खांद्याला धरून एका बांधामागे बसवलं. दीड तास आम्ही हललो नाही. मग रानातून सात फॅलो हरणी बाहेर आल्या, एकीमागे एक, कानांवर धुकं घेऊन. त्याने गोळी घातलीच नाही. मी विचारलं, का रे? म्हणाला, "तू पहिल्यांदा बघत होतास." तेवढ्या चांगल्या सकाळी माझ्या वाट्याला फार आलेल्या नाहीत.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण आम्हा लोकांना एखादी गोष्ट आवडली, की ती नीट करायची खोड असते, आणि नीट करायची म्हणजे आधी सामान घ्यायचं. बॅडमिंटन खेळायचं ठरवलं की पहिल्या आठवड्यात बूट, दुसऱ्या आठवड्यात दुसरी रॅकेट, आणि तिसऱ्या आठवड्यात पाठ धरते. मी त्यातलाच. उन्हाळाभर मी परीक्षणं वाचली. पाणी न शिरणारं जॅकेट आलं, मग आवाज न करणारं जॅकेट आलं, कारण पहिलं चालताना करकरत होतं. पानांची नक्षी असलेली पँट आली. दुर्बीण बदलली. अंधारात जनावराच्या अंगाची ऊब दाखवणारी थर्मल दुर्बीण आली. तिच्यातून मी पहिल्यांदा शेजाऱ्याचं मांजर बघितलं आणि बायकोला हाका मारून बोलावलं. प्रेसमध्ये, म्हणजे इथे कपाटाला म्हणतात त्यात, तिच्या लोणच्याच्या बरण्यांसमोर माझ्या बॅटऱ्या चार्ज होत पडलेल्या असायच्या.

"तुला हरीण बघायचंय की हरणाचा रिपोर्ट लिहायचाय?" एकदा बायकोने विचारलं.

"तुला नाही कळायचं ते."

"मला कळतंय," ती म्हणाली. "तुझ्या मित्राकडे यातलं काय आहे?"

त्याच्याकडे एक जुनं मेण लावलेलं जॅकेट होतं आणि एक थर्मास.

मग कॅमेरे आले. ट्रेल कॅमेरा म्हणजे झाडाला पट्ट्याने बांधायची एक हिरवट डबी. समोरून काही हललं की ती आपणहून फोटो काढते, वीस सेकंदांचा आवाजासकट व्हिडिओ घेते, आणि आत सिमकार्ड असल्यामुळे थेट तुमच्या फोनवर पाठवते. मी चार घेतले. डोक्यात सगळं पक्कं होतं. महिनाभर नोंदी ठेवायच्या, कळप किती वाजता कुठून येतो त्याचा तक्ता करायचा, आणि मित्राच्या निवृत्तीच्या हंगामात पहिल्याच सकाळी त्याला नेमक्या जागी नेऊन बसवायचं. त्याचे गुडघे गेले होते. डोंगर फिरायला लागू नये, हा माझा हेतू होता. हेतू चांगला होता, हे मी त्यानंतर स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे, की आता ते वाक्य मलाच ऐकवत नाही.

सप्टेंबरात एका शनिवारी मी एकटाच जाऊन चारही कॅमेरे बांधून आलो. सोमवारी मित्राला सांगितलं. त्याने सँडविच खाली ठेवलं.

"त्याला विचारलंस?"

"विचारतो. पुढच्या रविवारी जातो."

"आधी विचार. मग चालू कर."

मी हो म्हटलं. कॅमेरे तेव्हाच चालू होते. मी मीटिंगमध्ये बसलेला असताना खिशात फोन थरथरायचा, आणि मी टेबलाखाली हरणं बघायचो. रविवारी पाऊस होता, त्याच्या पुढच्या रविवारी आमच्या मंडळाच्या गणपतीचा राहिलेला स्नेहभोजनाचा कार्यक्रम होता. विचारायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर राहून गेलं नाही. तो नाही म्हणाला तर कॅमेरे काढावे लागतील, म्हणून मी गेलो नाही.

तिसऱ्या कॅमेऱ्यात रोज सकाळी सातच्या सुमाराला म्हातारा यायचा. रानाच्या कडेला बांधात एक खिंडार होतं, तिथे एक काटेरी झाड होतं. तो झाडापाशी उभा राहायचा, टोपी काढायचा आणि बोलायचा. समोर कुणी नाही. वीस सेकंदांत जेवढं येईल तेवढं ऐकू यायचं. लाल गाय पाय टेकत नाही. तुझ्या बहिणीचा फोन आला होता. गॅसवाला अजून आला नाही. बोलून झालं की टोपी घालून परत जायचा.

मी आठ-दहा दिवस ते बघितलं. मग एका सकाळी आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, जिथे मी रोज हरणांचे फोटो टाकून वाहवा मिळवत होतो, तिथे तो व्हिडिओ टाकला. वर लिहिलं, "हरणांची डेली स्टँड-अप मीटिंग. मॅनेजर हजर, टीम गायब." आयटीतली आणि फार्मातली, रोज सकाळी अशा उभ्याउभ्या मीटिंगा करणारी शंभरेक माणसं आहेत त्या ग्रुपवर. पाच मिनिटांत हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. एकाने लिहिलं, आमचा मॅनेजर असाच आहे. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी आणखी एक टाकला.

यात कुणाचं वाईट करतोय असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. ग्रुप मराठी. माणसं आपली. तिथे टाकलेलं त्या डोंगरावर कशाला पोचतंय? आम्ही सगळे इथे असेच राहतो. काचेच्या आत बसून बाहेरच्यांबद्दल मोठ्याने बोलावं तसे. दुकानात रांगेत उभं राहून पुढच्या बाईच्या केसांबद्दल मराठीत बोलतो. आपली मुलं त्या काचेच्या बाहेरची आहेत, हे आम्ही विसरतो. ती आपल्याशी घरी बोलतात तीसुद्धा त्या बाजूची भाषा.

चौथ्या दिवशी मुलगी शाळेतून आली आणि दप्तर न काढता जिन्याच्या पायरीवर बसली. तेरा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इथल्या क्लेअर परगण्याच्या इंग्रजीतून येतं.

"बाबा, दॅट व्हिडिओ. दॅट्स हर ग्रँडड."

कुणाच्या तरी मुलाने आईच्या फोनवरून तो स्वतःकडे घेतला होता, बसमध्ये दाखवला होता. पोरं दोन दिवस एकमेकांसमोर टोपी काढून उभं राहायचा खेळ खेळत होती. माझ्या मुलीच्या वर्गात म्हाताऱ्याची नात होती. तिनेही तो खेळ बघितला, आणि मग व्हिडिओ बघितला.

"हर नॅन डाइड देअर," मुलगी म्हणाली. "राइट देअर. शी वॉज फीडिंग द काव्ह्ज." वासरांना चारा घालताना आजी तिथेच गेली होती.

बायको कणीक मळत होती, ती थांबली. मी काहीतरी बोललो असेन, आठवत नाही. मुलीने पुढे सांगितलं, की कॅमेरा कुणाचा ते नातीने तिला विचारलं, तेव्हा तिने माहीत नाही म्हणून सांगितलं. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. मग रडायला लागली. मी फोन काढला आणि ग्रुपवरून दोन्ही व्हिडिओ पुसून टाकले. बैल गेला आणि झोपा केला.

सोमवारी सकाळी मित्राने माझ्या टेबलावर एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. आत चारही कॅमेरे होते, पट्ट्यांसकट, पट्टे नीट गुंडाळलेले.

"यंदा तिकडे जायचं नाही," तो म्हणाला.

"मी जातो त्यांच्याकडे. माफी मागतो. चूक माझी आहे."

"राहू दे."

"पण..."

"राहू दे म्हटलं ना. झालं ते झालं." आणि तो मशीनकडे गेला. आवाज चढला नाही, चेहरा बदलला नाही. इथली माणसं रागावली की जास्तच सभ्य होतात. त्यापेक्षा त्याने माझी कॉलर धरली असती तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं.

मी ऐकलं नाही. दिवाळी आली होती. बायकोने बेसनाचे लाडू आणि चिवडा एका डब्यात भरून दिला आणि म्हणाली, "सरळ सांग. फिरवून बोलू नकोस." शेताच्या वाटेवर मी गाडीत मोठ्याने वाक्यं म्हणून बघितली. कॅमेरे मी लावले. व्हिडिओ मी टाकला. माझ्या मित्राचा यात काही हात नाही. तीन वाक्यं. क्वालिटीतल्या माणसाला चूक कबूल करण्याचा फॉर्म भरायची सवय असते, मला वाटलं जमेल.

म्हाताऱ्याने दार उघडलं, मला ओळखलं. "तू त्याच्याबरोबर येतोस तो," म्हणाला, आणि आत घेतलं. चहा ठेवला. बिस्किटं ताटलीत मांडली. डबा उघडून एक लाडू हातात धरून बघितला आणि परत ठेवला. भिंतीवर बायकोचा फोटो होता, वासराच्या गळ्यात हात टाकलेला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला,

"त्याने तुला पाठवलं का?"

"नाही. मी आपणहून आलो."

"चांगला आहेस तू. मित्रासाठी इतक्या लांब आलास." त्याने चहा ओतला. "पण उपयोग नाही. त्याने माझ्यासमोर इथे बसून कबूल केलं. कॅमेरे माझे, म्हणाला. मीच लावले, मीच कामावर सगळ्यांना दाखवलं, तिथून ते गेलं."

मी कप उचलला होता तो तसाच हातात राहिला.

"चाळीस वर्षं तो या खुर्चीवर बसला," म्हातारा म्हणाला. "तिची शवपेटी खांद्यावर घेणाऱ्या सहा जणांत तो होता. ती कुठे पडली ते त्याला माहीत होतं. तिला तिथे पडलेली आधी बघून मला ती जागा दाखवणाराच तो. एखाद्या परक्याने केलं असतं तर मी विसरून गेलो असतो बघ. परक्याला काय माहीत? पण तो माझ्यावर हसला."

घड्याळ वाजत होतं. मला माझी तीन वाक्यं पाठ होती. परका मीच होतो, त्याच्यासमोर बसलो होतो, आणि मी बोललो तर हा माणूस विसरून जाणार होता, असं तो स्वतःच्या तोंडाने सांगत होता. मित्राला त्याची जागा परत मिळाली असती. या म्हाताऱ्याला त्याचा मित्र परत मिळाला असता. त्यासाठी माझं जाणार ते एवढंच, की त्याने मला चांगला म्हटलं होतं ते गेलं असतं, आणि शाळेत कळलं असतं की तो कॅमेरेवाला माझ्या मुलीचा बाप. मी हे सगळं तिथे बसून नीट समजून घेतलं. घाबरून सुचलं नाही, असं झालं नाही. सुचलं होतं.

मी म्हणालो, "तो माणूस वाईट नाही."

"मलाही इतकी वर्षं तसंच वाटत होतं," म्हातारा म्हणाला, आणि बिस्किटांची ताटली माझ्याकडे सरकवली. मी एक बिस्कीट खाल्लं. निघताना त्याने डब्याबद्दल दोनदा आभार मानले आणि वळणावर निसरडं आहे, जपून जा, असं सांगितलं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, सांगितलंस? मी म्हटलं, हो. नाहीच म्हणतोय तो.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मित्र माझ्यासमोर येऊन बसला. "वर गेला होतास म्हणे." तिथे गाडी दिसली की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं.

"हो."

"काय म्हणाला?"

"नाही म्हणाला."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता विचारेल, तू काय म्हणालास. त्याने विचारलं नाही. मीच म्हटलं, "तू असं का सांगितलंस त्याला?" तो म्हणाला, "तुझी मुलगी त्या शाळेत आहे. मला तर इथे सगळे ओळखतात, माझं काय व्हायचंय." थोडा वेळ तो तसाच बसला होता. आता मला कळतं, की तो वाट बघत होता. मी थर्मासचं झाकण फिरवत राहिलो. मग भोंगा वाजला, आणि तो टेबलाला हात टेकून, आधी एक गुडघा, मग दुसरा, असा उठला.

हंगाम सुरू झाला. मी काही विकलं नाही, कुणाला दिलंही नाही, आणि काही वापरलंही नाही. नाताळात मित्र निवृत्त झाला. केक कापला, भाषणं झाली, कुणीतरी विचारलं, आता रोज डोंगरावर ना? "बघू," तो म्हणाला. त्याची बायको मला नंतर सुपरमार्केटात भेटली. म्हणाली, दिवसभर खिडकीशी बसून असतो, डॉक्टर म्हणतात चाला, पण कुठे चालू म्हणतो. रायफल पोलिसांकडे जमा केली म्हणाली. भेटायला ये एकदा, तुझी आठवण काढतो.

मी येतो म्हटलं.

म्हातारा अजून आहे. परवा मुलगी सांगत होती, त्याच्या नातीच्या वाढदिवसाला तो आला होता, त्या दोघी वर्गात पुन्हा एकत्र बसायला लागल्या आहेत. तिचं तरी बरं झालं. त्याचं घर माझ्या दारापासून पंचवीस मिनिटांवर आहे, रविवारी तो घरीच असतो, आणि सांगायची वाक्यं तीनच आहेत. हे सगळं मी दर रविवारी सकाळी अंथरुणातच मनाशी म्हणतो. मग उठतो, मुलीला पोहायला सोडतो, भाजी आणतो. ह्या रविवारीही मी गेलो नाही.